लेकरांच्या चालीने

शास्त्रवाचन : उत्पत्ति ३३:१२-१७, १ शमुवेल १:२१-२८ व २:१८-२१, होशेय ११:१-४, लूक २:३९-५२

घरात तान्हे मूल आले म्हणजे त्या कुटुंबाचा आध्यात्मिक नेम बिघडतो, अशी एक समजूत आपल्या मंडळ्यांत आहे. सायंकाळची कौटुंबिक उपासना राहून जाते. रविवारी पहिले गीत संपल्यावर आईबाप दारातून आत येतात. शब्बाथ शाळेत शिकविणारी भगिनी आपले नाव यादीतून काढावयास सांगते. कोणी उघड दोष देत नाही. पण "हल्ली तुम्ही दिसत नाही" हे वाक्य किती प्रकारांनी म्हणता येते हे आपणा सर्वांस ठाऊक आहे.

या पाठात आपण शास्त्रातील अशी काही घरे पाहणार आहोत, जेथे लहान मुलांमुळे मोठ्यांना आपली चाल कमी करावी लागली. त्याबद्दल शास्त्र त्यांना दोष देते काय, हे वाचकांनी स्वतः पाहावे.

प्रथम याकोबाचे घर. वीस वर्षे मामाकडे काढून तो परत येत आहे. समोरून एसाव चारशे माणसे घेऊन आला. याकोबाला तलवारीची भीती होती. प्रत्यक्षात भावाने धावत येऊन मिठी मारली. मग एसाव म्हणाला, चला, आता बरोबरच जाऊ. यावर याकोबाने जे उत्तर दिले ते तेराव्या व चौदाव्या वचनांत आहे. मुले कोवळी आहेत, कळपात दूध पाजणाऱ्या मेंढ्या व गाई आहेत, एक दिवस जरी दामटले तरी सारा कळप मरेल. तेव्हा आपण पुढे व्हावे, मी गुरांच्या व लेकरांच्या चालीने मागून येतो, असा त्या उत्तराचा आशय आहे. एसावाने सोबतीला माणसे देऊ केली, तीही त्याने नको म्हटले.

वर्गात एखादा चौकस मुलगा विचारील की, याकोब सेइरास गेलाच कोठे? तो तर सुक्कोथास गेला. प्रश्न बरोबर आहे. याकोबाचा जुना धूर्तपणा येथेही थोडा डोकावतो आणि त्यावर पांघरूण घालण्याचे कारण नाही. पण त्याने सांगितलेली गोष्ट खोटी नव्हती. चारशे धट्ट्याकट्ट्या पुरुषांच्या चालीने त्याची लेकरे चालू शकली नसती. ही गोष्ट चारशे माणसांच्या नायकासमोर सांगावयास त्याला लाज वाटली नाही, एवढे आपण घ्यावे.

लेकरांची चाल म्हणजे नेमकी किती? हे मोजण्याचे एक मोठे काम आम्ही राहतो त्याच शहरात झाले आहे, आणि ते आपल्या मराठी मंडळ्यांत फारसे कोणाला ठाऊक नाही. बडोदे, म्हणजे आजचे वडोदरा. येथील महाराजा सयाजीराव विद्यापीठ १९४९ साली स्थापन झाले. हंसाबेन मेहता या त्याच्या पहिल्या कुलगुरू. त्या विद्यापीठाच्या गृहविज्ञान शाखेत बालविकासाचा एक विभाग होता, आणि तेथे डॉ. प्रमिला फाटक यांनी बाळांच्या वाढीचा अभ्यास केला. तोपर्यंत आपल्या देशातील बाळांची वाढ अमेरिकेत तयार झालेल्या मापांनी मोजली जाई. फाटकबाईंनी त्यांतले बेलीचे माप घेऊन ते येथल्या बाळांना लावून पाहिले. १ महिन्यापासून ३० महिन्यांपर्यंतची बाळे होती. त्यांच्यासमोर घंटी वाजवावयाची, कडे लोंबते धरावयाचे, ठोकळे, कप, आरसा ठेवावयाचा, आणि बाळ काय करते ते टिपून घ्यावयाचे. त्याचा अहवाल १९७० साली झाला. डॉक्टर मंडळी त्यास अजूनही 'बडोदा नॉर्म्स' म्हणतात. १९९७ साली या मापाची सुधारित पुस्तिका निघाली; तीत हालचालींच्या ६७ आणि समज-बुद्धीच्या १६३ बाबी आहेत. त्याआधी १९९१ मध्ये झटपट तपासणीसाठी ५४ बाबींची लहान चाचणीही बडोद्याच्याच नावाने प्रसिद्ध झाली होती, आणि त्याच वर्षी केरळात तिरुवनंतपुरम येथे बडोद्याच्या मापांतून १७ बाबी निवडून एक तक्ता करण्यात आला.

आमच्या दृष्टीने यातील महत्त्वाची गोष्ट आकड्यांपेक्षा त्यांच्या मांडणीत आहे. प्रत्येक बाबीपुढे एकच वय दिलेले नाही. शंभरांतल्या पन्नास बाळांना ही गोष्ट कधी साधते आणि सत्त्याण्णव बाळांना कधी साधते, अशी दोन वये दिली आहेत. तिरुवनंतपुरमच्या तक्त्यात तर प्रत्येक बाबीसाठी एक आडवी पट्टीच आहे. पट्टीचे एक टोक लवकर येणाऱ्यांचे, दुसरे उशिरा येणाऱ्यांचे. दोन्ही टोकांमधले प्रत्येक बाळ वेळेवरच आलेले असते.

पुढे जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतील ८१६ मुलांचे निरीक्षण केले आणि २००६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. धडधाकट मुले आधाराशिवाय चालू लागण्याचा काळ ८ महिन्यांपासून साडेसतरा महिन्यांपर्यंत पसरलेला आढळला. म्हणजे शेजारच्या दोन घरांतली दोन निरोगी बाळे नऊ महिन्यांच्या फरकाने चालू लागतील आणि दोघांतही काही उणे नसेल. शंभरांतली चार बाळे तर हातागुडघ्यांवर रांगलीच नाहीत. थेट उभी राहिली.

आता आपल्या मंडळीच्या फाटकाशी या. आमच्या परिचयातील एक भगिनी मध्यंतरी दोनतीन महिने उपासनेस येत नव्हती. बाळ चौदा महिन्यांचे होते आणि चालत नव्हते. फाटकापासून बाकापर्यंत जाईतो पाच जणी विचारीत. मराठी बहिणी म्हणत, "अजून पाऊल टाकत नाही? आमचा तर दहाव्या महिन्यात पळत होता." गुजराती बहिणी म्हणत, "हजी चालतो नथी?" कोणाच्याच मनात वाईट नव्हते. पण त्या आईने शेवटी घरीच प्रार्थना करणे पत्करले. बाळ सोळाव्या महिन्यात चालू लागले तेव्हा ती परत आली. देवाच्या घरी येण्यासाठी तिच्या बाळाला आधी चालता यावे लागले, असा याचा अर्थ होतो.

येशूच्या बाळपणाविषयी लूकाने दोन ठिकाणी लिहिले आहे (२:४० व ५२). बालक वाढत गेला, बळकट झाला, ज्ञानाने व शरीराने वाढला, देवाची कृपा त्याजवर होती. लूक वैद्य होता हे आपण कलस्सैकरांच्या पत्रावरून जाणतो. तरी येशूला पहिला दात कोणत्या महिन्यात आला, तो कधी रांगला, हे त्याने लिहिले नाही. आमच्यातल्या पुष्कळ आत्याबाईंनी ते शुभवर्तमान लिहिले असते तर आधी तेच आले असते!

पण या गोष्टीची दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. जेथे तुलनेची भीती असते तेथे आईबाप खरी अडचणही लपवितात. पट्टीचे दुसरे टोक ओलांडून गेलेले बाळ असते, घरच्यांना मनातून कळलेले असते, आणि तरी "लोक काय म्हणतील" म्हणून डॉक्टरांकडे जाणे लांबते. कोणी सांगतो, प्रार्थना करा, होईल सर्व ठीक. प्रार्थना करावीच. पण वर्ष-दीड वर्षाच्या आतले दिवस फार मोलाचे असतात. कानाचा दोष असो की स्नायूंचा, लवकर ध्यानात आला तर पुष्कळ करता येते. म्हणून येथे स्पष्टच लिहितो. तीन महिने होऊनही बाळ माणसाचा चेहरा पाहून हसत नाही, पाच महिन्यांत मान धरत नाही, दहा महिन्यांत आधाराशिवाय बसत नाही, आवाजाकडे वळत नाही, अठरा महिन्यांत चालत नाही किंवा एकही अर्थाचा शब्द बोलत नाही, तर बालरोगतज्ज्ञांस दाखवावे. आणि एकदा येऊ लागलेली गोष्ट, मग ती बोलणे असो वा बसणे, बाळ विसरू लागले तर कोणत्याही वयात एक दिवसही थांबू नये. गुजरातेत प्रत्येक आईस ममता कार्ड मिळते, महाराष्ट्रातही माता-बाल संरक्षण कार्ड असते. त्यात लसींच्या तारखांबरोबर या गोष्टीही चित्रांनी दाखविल्या आहेत. बहुतेक घरांत ते कार्ड लस टोचण्याच्या दिवशीच कपाटातून निघते.

घाई खाण्यातही असते. पहिले सहा महिने आईचे दूधच द्यावे, पाणीसुद्धा नको, असे आज सर्व डॉक्टर सांगतात. बडोद्याचा मे महिना ज्यांनी काढला आहे त्यांना हे पटणे अवघड जाते. पारा बेचाळीसवर गेलेला, घोडियातले बाळ घामाने भिजलेले, आणि आजी चमच्यात पाणी घेऊन उभी. आजीच्या मायेविषयी शंका नाही. पण आईच्या दुधात मुख्यतः पाणीच असते. बाळाला तहान लागली तर अधिक वेळा अंगाशी घ्यावे, एवढेच करावयाचे. चमच्यातल्या पाण्याने पोट भरते, दूध कमी ओढले जाते, आणि अस्वच्छ पाण्याने जुलाब होतात ते वेगळेच. उष्टावण सहा महिने पूर्ण झाल्यावर होते त्यात शहाणपण आहे. मध चाटविणे मात्र पहिले वर्षभर टाळावे.

चालविण्याच्या घाईने बाजारात एक वस्तू आणली आहे. बाळाला मध्ये बसवून चाके लावलेला वॉकर. जुना लाकडी पांगुळगाडा निराळा. तो उभे राहता येणारे मूल स्वतः ढकलते. या वॉकरमध्ये उभे राहता न येणारे मूल लोंबकळत धावते, जिन्यावरून वा ओट्यावरून पडते, आणि त्याने चालणे लवकर येते हेही खरे नाही. कॅनडाने २००४ साली त्याच्या विक्रीवर बंदी घातली. आपल्याकडे तो बारशाच्या आहेरात येतो.

होशेयाचा अकरावा अध्याय येथे उघडावा. देव एफ्राइमाविषयी बोलत आहे, आणि तो स्वतःला चालावयास शिकविणाऱ्या बापासारखे दाखवितो. हात धरून चालविले, असे तिसरे वचन सांगते. चौथ्यात तो खाऊ घालण्यासाठी खाली वाकतो. तान्ह्या मुलाचे बोट धरून ज्याने अंगणात चार फेऱ्या घातल्या आहेत त्याला हे लगेच कळेल. मोठ्या माणसाला अर्धे वाकून चालावे लागते. कंबर दुखते. पाच मिनिटांचे अंतर अर्ध्या तासाचे होते, कारण मध्ये मुंगी दिसते. देव एफ्राइमाबरोबर असा चालला. पुढील वचनांत एफ्राइम किती कृतघ्न निघाला हे आहे, तो भाग शिक्षकांनी वगळू नये.

आमच्यासारख्या बडोद्यातल्या मराठी घरांत आणखी एक काळजी असते, ती भाषेची. घरात मराठी, अंगणात गुजराती, दूरदर्शनवर हिंदी. मंडळीची उपासना पुष्कळदा गुजरातीत. आई म्हणते "बाळ रांगते", शेजारीण म्हणते "भांखोडिये चाले छे". नाव ठेवण्याचा मान आपल्याकडे आत्याचा, त्यांच्याकडे फोईचा, नाते एकच. मग दीड वर्षाचे मूल कमी बोलले की सल्ला मिळतो : दोन भाषांनी गोंधळले आहे, एक बंद करा. आणि बंद होते ती बहुधा मराठी. या सल्ल्यास आधार नाही. दोन भाषांनी मूल मुके होत नाही. त्याचे शब्द मोजावयाचे तर दोन्ही भाषांतले मिळून मोजावेत. पाणी, दूध, मामा हे शब्द दोन्हीकडे सारखेच आहेत, ते तर फुकटच मिळतात! ज्या भाषेत आजी गोष्ट सांगते आणि प्रार्थना करते ती भाषा बाळाच्या कानावरून काढून घेऊ नये. बंद करावयाचाच असेल तर मोबाईल करावा. एक वर्षाखालील बाळाला पडदा मुळीच दाखवू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले आहे, आणि आज घासागणिक मोबाईल पुढे धरून बाळाला भरविले जाते.

आता हन्नेच्या घरी जाऊ. पाठाचा गाभा हाच आहे.

हन्नेने मूल मागितले, देवाने दिले, तिने त्याला देवास वाहण्याचा नवस केला होता. हे आपण शब्बाथ शाळेत नेहमी शिकवितो, आणि तेथून एकदम शमुवेल रात्री हाक ऐकतो त्या प्रसंगावर उडी मारतो. मधल्या वचनांवर आपण थांबत नाही. एलकाना आपल्या सर्व कुटुंबाला घेऊन वार्षिक यज्ञासाठी शिलोस निघाला. हन्ना गेली नाही. मुलाचे दूध तुटेपर्यंत मी येत नाही, असे तिने नवऱ्यास सांगितले (१:२२).

त्या काळी दूध दोन-तीन वर्षांनी तुटत असे. म्हणजे एखादा रविवार चुकला इतकी ही लहान बाब नाही. एका पाठोपाठ एक असे दोन किंवा तीन वार्षिक सण हन्नेने घरी काढले. आणि कोणती हन्ना? जी मूल नसताना दर वर्षी शिलोस जात होती, रडत होती, उपाशी राहत होती. जिची प्रार्थना ऐकली गेली ती बाई, ऐकली गेल्यावर लगेच, देवाच्या मंदिरात जाणे थांबविते. पनिन्ना काय म्हणाली असेल? शास्त्र सांगत नाही. पण पनिन्ना गप्प राहिली असेल असे तिच्या आधीच्या वागण्यावरून वाटत नाही.

एलकाना काय म्हणाला ते मात्र लिहिले आहे (१:२३). तुला बरे वाटते तसे कर, दूध तुटेपर्यंत राहा, देव आपले वचन सिद्धीस नेवो, असे तो म्हणाला. तो घरचा कर्ता होता. गणना ३० प्रमाणे नवऱ्याला बायकोचा नवस मोडण्याचाही अधिकार होता. त्याने तो वापरला नाही. लोक नावे ठेवतील म्हणून तिला ओढून नेले नाही. स्वतः जाण्याचेही सोडले नाही. तिच्या वतीने तो शिलोस गेला. आजच्या बापांनी हे वचन खूण करून ठेवावे. सरकारने २०१७ साली मातांची पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे केली. बापाचा प्रश्न बहुतेक खासगी नोकऱ्यांत मालकाच्या मर्जीवरच राहिला. पण रात्री दोन वाजता रडणारे बाळ खांद्यावर घेऊन फेऱ्या घालावयास रजेचा अर्ज लागत नाही.

ती घरात होती तेव्हा काय करीत होती? दूध पाजीत होती. त्या दोन-तीन वर्षांत शमुवेलाचे सर्व शिक्षण झाले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण ज्या मुलाला तिने शिलोस नेऊन एलीच्या हवाली केले ते परक्या घरी राहू शकेल एवढे धीट झाले होते. नवस फेडताना ती रिकाम्या हाताने गेली नाही : गोऱ्हा, पीठ, द्राक्षारस आणि मुलगा. उशीर झाला म्हणून एलीने तिला एका शब्दाने विचारले नाही. ज्या एलीने पूर्वी तिला दारू प्यालेली समजले होते, तोही या वेळी गप्प राहिला.

मग २:१९. आई दर वर्षी लहानसा झगा शिवून आणी. दर वर्षीचा झगा आदल्यापेक्षा थोडा मोठा. माप घ्यावयास मूल जवळ नाही, तेव्हा ती अंदाजानेच शिवीत असेल. तो अंदाज शमुवेलाचा होता. त्याच्या वयाच्या दुसऱ्या मुलाचे माप घेऊन तिला चालले नसते.

मंडळीने काय करावे? काही गोष्टी खर्चाच्या नाहीत. उपासनागृहात मागल्या बाजूस पंख्याखाली एक सतरंजी आणि पडदा असावा, म्हणजे आईला दूध पाजण्यासाठी बाहेर उन्हात उभे राहावे लागणार नाही. बाळ रडले तर पाळकसाहेबांनी उपदेश थांबवून तिकडे पाहू नये, बाकीचे पाहतातच. पहिल्या तीन-चार महिन्यांत दोन भगिनींनी आठवड्यातून एकदा त्या घरी जाऊन एक स्तोत्र वाचावे, प्रार्थना करावी आणि निघण्यापूर्वी भांडी घासून यावे. बडोद्यात आमच्या शेजारणी बाळंतिणीसाठी काटलुं करून आणतात आणि बसून पाय चेपून देतात. आपण डिंकाचे लाडू पाठवितो आणि बारशाला जेवून येतो. मुलगी झाली तर भेटीस जाणाऱ्यांची संख्या कमी होऊ नये, हे ख्रिस्ती मंडळीत सांगावे लागू नये, पण लागते. ज्या घरी बाळाच्या वाढीत खरी अडचण निघाली आहे तेथे कारण शोधण्यासाठी जाऊ नये. डॉक्टरांकडे जाताना सोबत लागेल काय, एवढे विचारावे.

शिक्षकांसाठी : लहान वर्गात हा पाठ कपड्यांवरून शिकवावा. मुलांनी आपले तान्हेपणीचे झबले वा टोपरे घरून आणावे आणि आता अंगाला लावून पाहावे. "तू कितव्या महिन्यात चाललास?" असे वर्गात विचारू नये, नाही तर ज्या तुलनेविरुद्ध पाठ आहे तीच वर्गात सुरू होईल. "तुझे बोट कोणी धरले होते?" असे विचारावे. काहींचे उत्तर आई असेल, काहींचे आजोबा, काहींचे कोणी शेजारीण. ज्या मुलाला सांगता येणार नाही त्याला होशेय ११:३ वाचावयास द्यावे. मोठ्या वर्गात १ शमुवेल १:२३ हे एकच वचन घेऊन एलकानाच्या जागी आपण असतो तर काय म्हटले असते, हे मुलांकडून लिहवून घ्यावे. पुढील पाठ नामी व ओबेद यांच्यावर, म्हणजे आजी व नातू यांच्यावर आहे. त्यासाठी रूथचे चारही अध्याय वाचून यावे.